बाटली काळी झाली, आमच्या विहिरीचं पाणी पिऊ नका

वाडीतल्या सगळ्यांनो, उशिरा लिहितोय, माफ करा. हे सकाळीच सांगायला हवं होतं.

आशाताईंनी परवा आमच्या विहिरीचं पाणी तपासायला एक छोटी बाटली दिली. पाणी भरून दोन दिवस ठेवायचं, काळं पडलं तर पाणी खराब.

काल सकाळी पाणी होतं तसंच होतं. तेवढ्यात शेजारचा महादू आला. त्याच्याकडे साखरपुडा आणि नळ कोरडा. म्हणाला, "काका, तुमच्या विहिरीचं पाणी म्हंजे साखर. नेऊ ना?"

मला मोठेपणा वाटला. म्हटलं, "ने रे, तपासलंय."

बायको ओरडली, "अवो, अजून एक दिस हाय ना! कसली घाई?" मी ऐकलं नाही. त्याच पाण्याचं सरबत सगळ्यांनी प्यायलं.

आज उठून बघतो तर बाटली काळीकुट्ट. मी ती लाजेने फडक्याखाली झाकली. तेव्हाच महादूची गरोदर भाची दिघीच्या बोटीसाठी निघाली होती. जाताना ती आमच्या विहिरीवर दोन बाटल्या भरत होती. मी दारातून बघत होतो, पण तिला अडवलं नाही.

दुपारी कळलं, महादूच्या नातवाला जुलाब होतायत, दवाखान्यात नेलंय. महादू फोन उचलत नाही.

पाणी नेलं असेल तर ओतून टाका. आणि त्या भाचीचा नंबर कोणाकडे असेल तर आधी तिला फोन लावा. ती काय म्हणाली ते मला लगेच कळवा, मी फोन हातात धरूनच बसलोय.