बाबुरावच्या पिंजऱ्याची कडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात तरी काय केलं असतंत?

आधी हसून घ्या. मी सरडा पाळते. इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या ओळखीच्या सगळ्यांचं हसून झालेलं आहे. कुत्रा पाळला की कौतुक, सरडा पाळला की नाकं मुरडायची. मला तेव्हाही पर्वा नव्हती, आजही नाही. कॅमेलियन सांभाळणं म्हणजे खायचं काम नाही — दिव्याची ऊब मोजून द्यायची, पानांवर पाणी फवारायचं, कारण तो वाटीतलं पाणी पीत नाही, थेंब चाटतो. वर जिवंत रातकिडे. माझा नवरा, निखिल, म्हणायचा, एक दिवस तू काहीतरी विसरशील. मी म्हणायचे, मी विसरत नाही. अगदी मान ताठ करून म्हणायचे.

घरात माझ्या बाजूचं एकच माणूस होतं — सासरे. अप्पा सहा महिन्यांसाठी पुण्याहून आले होते. सरड्याचं नाव बाबुराव त्यांनीच ठेवलं. सकाळी चहाच्या आधी फवारणी, मग कुंडीतल्या जास्वंदीचं एक कोवळं पान त्याला द्यायचे. कडी लावून वर ती एकदा ओढून बघायचे. हो, दर वेळी. मला माहीत होतं.

त्या शनिवारी बाहेर बर्फ होता. मी रातकिडे आत सोडले, तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि मी तशीच वरच्या खोलीत गेले. कडी न लावता. दुपारी निखिल किराणा आत आणत होता, तेव्हा गॅरेजचं दार उघडं राहिलं. संध्याकाळी बाबुराव तिथेच सापडला, सायकलीच्या चाकापाशी. गारठून मेलेला.

‘‘पिंजरा कुणी उघडा टाकला?’’ निखिलने विचारलं.

‘मी’ म्हणायला किती वेळ लागतो? मी खोटंही बोलले नाही — त्याहून वाईट केलं. मी विचारलं, ‘‘अप्पा, आज पान घातलंत का?’’

अप्पा बराच वेळ आठवत राहिले. ‘‘घातलं होतं,’’ ते म्हणाले. ‘‘म्हणजे कडी माझ्याच हातून राहिली असेल.’’

मी गप्प बसले. का? निखिलचं खरं ठरू नये म्हणून. एवढंच. याहून मोठं कारण शोधू नका, नाहीये.

त्यानंतर अप्पा गॅस तीन-तीनदा बघायला लागले. फ्रिजवर स्वतःसाठी चिठ्ठ्या चिकटवायला लागले. निखिल त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. स्मरणशक्ती ठणठणीत आहे म्हणाले. अप्पांना ते पटलं नाही. पुण्याला परतल्यावर त्यांनी स्कूटर देऊन टाकली. सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवायचे, तेही बंद केलं — चुकीचं शिकवलं तर, म्हणाले.

आणि लोक सरड्याला नावं ठेवतात, रंग बदलतो म्हणून! बाबुराव चिडला की काळवंडायचा, निवांत असला की हिरवागार दिसायचा. त्याला काही लपवता येत नव्हतं. मला येतं.

आता नवा कॅमेलियन आहे. हो, आणला. मला सरडे आवडतात आणि त्याची लाज मला वाटत नाही. लाज दुसऱ्या गोष्टीची वाटते, आणि तरीही मी सांगत नाही. अप्पा धडधाकट आहेत, फोन माझ्या हातात असतो, एका वाक्याचं काम आहे. तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. माझं ते आधीच म्हणून झालंय.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ते म्हणाले, ‘‘कडी बघ गं. माझ्यासारखं करू नकोस.’’

‘‘लावलीय, अप्पा,’’ मी म्हणाले, आणि त्यांची खात्री पटेपर्यंत फोन कडीसमोर धरून ठेवला.