क्रूसाची उत्तरपूजा

अंबादासचा हात चुकला तो सवयीनं.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्याच्या गाळ्यात, टेबलावर, जिप्समची पाटी उताणी ठेवली होती. पाटीवर उठावातला क्रूस. चारही टोकांना पाकळ्या फुटलेल्या, कडेनं द्राक्षाची वेल. म्युझियमच्या उमैमाबाई तिच्याभोवती एक फेरी मारून आल्या, दुसरी मारली, आणि मग मोबाइलवरचा फोटो पाटीशेजारी धरला.

"बहोत सुंदर है, उस्ताद. लेकिन ये हाथ?"

अंबादासनं फोटो पाहिला. मूळ पाटी उजवीकडे तिरकी तुटलेली होती. क्रूसाचा आडवा हात जणू मनगटापासून गेलेला. ह्यानं मात्र तो पुरा करून टाकला होता, पाकळ्यांसकट, वेलीसकट. कधी केला, त्याचं त्यालाच आठवेना.

"वो टूटा था, मॅडम. मैंने पूरा कर दिया."

"मिला वैसा चाहिए, उस्ताद. जितना मिला, उतनाच." उमैमाबाईंचं हिंदी लहानपणी सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या, दुकानदारांकडून उचललेलं, त्यामुळे त्यात कुठेही काहीही यायचं. "सोमवार को ओपनिंग है. इतना हिस्सा निकाल दो. बस."

"निकालना मतलब... तोडना?"

"हां. तोडना."

अंबादासनं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे बाईंना कळलं नाही.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यात वाढलेला माणूस. मूर्तीचं बोट जरी दुखावलं तरी त्याचे वडील ती विकत नसत. "खंडित वस्तू आपल्या उंबऱ्याबाहेर जाते ती फक्त पाण्याकडे," असं म्हणत आणि स्वतः भोगावती नदीवर नेऊन सोडत. तोच मुलगा पुढे आखातात आला आणि उभा जन्म फॉल्स सीलिंगमध्ये घातला. व्हिलांची छतं, हॉटेलांच्या लॉब्या, कमानी, गोंडे. त्याच्या कामाखाली लोक जेवले, भांडले, लग्नं लागली. मान वर करून बघायला सवड कोणाला होती? म्युझियमनं पहिल्यांदाच सांगितलं होतं की, कामाखाली पट्टी लागेल, 'प्रतिकृती: अंबादास ठोंबरे'. ते ऐकल्यापासून गडी हवेत होता. शेजारणीला फोनवर सांगताना सुलक्षणानं, त्याच्या बायकोनं, म्युझियमचं नाव चुकवलं, पण पट्टीचं बरोबर सांगितलं.

आता ती पट्टी हवी तर हातोडी उचलायची होती.

बाई गेल्यावर बदरुद्दीननं चहा ओतला. मुलतानचा हा माणूस अंबादासच्या जोडीनं केस पिकवून बसलेला.

"इतना सोचना क्या, ठोंबरे? मेरे को दे. एक टक, खलास."

"हात लावून बघ!" अंबादास मराठीतच ओरडला.

"अरे बाबा, ना तेरा भगवान, ना मेरा. फिर झगडा किस बात का?"

"किसी का तो है ना."

बदरुद्दीननं चहाचा कप खाली ठेवला. म्हणाला, "हां. वो तो है."

घरी वेगळं काही झालं नाही. मुलीनं, पर्णिकानं, लॅपटॉपवरून मान न उचलता निकाल दिला, "बाबा, इट्स जस्ट जिप्सम."

"आणि तू कोण? जस्ट हाडं?" सुलक्षणा स्वयंपाकघरातून कडाडली. पण नवऱ्याला ताट वाढताना हळूच म्हणालीच, "नाही म्हणालात तर?"

"दुबईचे लोक मशीनवर छापून देतील. तुटक्यासकट."

"आणि नाव?"

अंबादासनं भात कालवला.

शनिवारी सकाळी उमैमाबाईंचा फोन आला. "उस्ताद, आपने असली जगह देखी नहीं ना? यल्ला, चलो. मैं बोट भेजती हूँ."

बेट लहानसं. खारफुटी, वाळू, आणि वाळूतून गुडघाभर वर आलेल्या भिंती. मठ होता म्हणे. बाई पुढे चालत एकेक खोली दाखवत होत्या आणि त्यांच्या त्या सरमिसळ हिंदीत बोलत होत्या, तिथे राहून गेलेल्या नातलगांबद्दल बोलावं तशा.

"येशूच्या मागे पहिले कोण गेले? मच्छीवाले. मग तंबू शिवणारे, गुलाम, बायका. राजा नाही, फौज नाही. कितीतरी वर्षं घरांमध्येच जमायचे. पकडले तर मार, कधी जान पण."

अंबादासला शारजातल्या रोल्ला भागातली बॅचलर खोली आठवली. पहिल्या वर्षीचा गणपती, बंद दार, आणि घंटेला गुंडाळलेला रुमाल. त्याला कोणी मारलं नसतं. पण रुमाल त्यानंच गुंडाळला होता. परक्या मुलखात माणूस देवाला आधी हळू आवाजात बोलावतो.

"सगळ्यांना रोमचं माहीत असतं," बाई सांगत होत्या. "राजानं मानलं, मग मोठे चर्च झाले. पण काही लोक इकडे पूर्वेला निघाले. इराकमधून खाली, व्यापाऱ्यांच्या जहाजातून. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर. मोती काढणाऱ्यांच्या शेजारी राहिले. तिथून हिंदुस्तान. मलबार. आणि एक जुना प्रवासी लिहितो, कलियाना."

"कलियाना?"

"काही लोक म्हणतात, आपका कल्याण."

"स्टेशनवाला कल्याण? मेरी बहन रहती है वहाँ!" अंबादास पहिल्यांदाच हसला. "मॅडम, उधर आजकल नल को पानी नहीं आता. उस टाइम पादरी आया था?"

"बिशप," बाईंनी दुरुस्त केलं, आणि त्याही हसल्या.

मग त्या थांबल्या. समोर चौकोनी खोली, पूर्वेची भिंत जरा उंच. "इथे होता. ह्या भिंतीवर."

अंबादासनं पायातल्या चपला काढल्या. वाळू तापायला लागली होती. भिंतीवरचा जुना गिलावा त्यानं बोटानं नुसता विचारल्यासारखा चाचपला. आणि एकदम वळून विचारलं,

"मॅडम, ये गिरा कब? वो लोग थे तब, या जाने के बाद?"

बाईंनी भुवया उंचावल्या. असं कोणी विचारलं नव्हतं बहुतेक. "गेल्यावर. पक्का."

"कैसे मालूम?"

त्या उकिडव्या बसल्या आणि हातानं दाखवायला लागल्या. "ही फरशी. क्रूस फरशीवर नव्हता. खाली वीतभर वाळू होती, उडून आलेली. म्हणजे आधी माणसं गेली. मग दारातून वाळू आली. मग हा पडला, मऊ वाळूवर."

"किसी ने तोडा नहीं?"

"नहीं. जळाल्याची खूण नाही, मारामारीची नाही. माणसं कमी होत गेली असतील. शेवटचे जे होते, ते सामान घेऊन निघाले. खोली झाडून, साफ करून."

"झाडून गेले," अंबादास स्वतःशीच म्हणाला, आणि बसला. बसला तो बसलाच. बाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

"नहीं, नहीं, ठीक हूँ." त्यानं बाटली घेतली, पण प्यायला नाही. "मॅडम, हमारे यहाँ गणपती आता है. जाने का टाइम हुआ की आखरी पूजा करते हैं. उत्तरपूजा. फिर मूर्ती को जगह से जरा सा हिलाते हैं."

"हिलाते हैं?"

"इतना सा." त्यानं दोन बोटांत अंतर धरलं. "उसके बाद वो मिट्टी है. देव निकल गया. फिर उठाओ, पानी में छोडो, पाप नहीं लगता."

"और देव किधर गया?"

"अपने घर. हम बोलते हैं, फिर आना."

उमैमाबाई भिंतीकडे बघत राहिल्या. "ह्यांनी पण काहीतरी म्हटलंच असेल," त्या म्हणाल्या. "दार लावताना."

रविवारी गाळा बंद असतो, तरी बदरुद्दीन आला. अंबादासनं हातपाय धुतले, डोक्यावर रुमाल टाकला, आणि पाटीसमोर नुसताच उभा राहिला.

"अब क्या?"

"बदरू, इनकी प्रार्थना मुझे नहीं आती."

"तो जो आती है वो बोल," बदरुद्दीन म्हणाला. "ऊपर तर्जुमा होता होगा."

अंबादासनं दोन्ही हात पाटीला लावले. ज्यानं ती भिंत पहिल्यांदा लिंपली, तो कोण होता? त्याला ती प्रार्थना येत होती का, की तोही आपला एक गवंडी, सांगितलं तसं करणारा? ते कळायला मार्ग नव्हता. जोर लावून त्यानं पाटी जागची हलवली. इतकीच. पुटपुटला, "पुनरागमनाय च."

बदरुद्दीनचेही तळहात छातीपाशी वर आले होते. ते त्याचं त्यालाही उशिरा कळलं.

मग अंबादासनं छिन्नी घेतली. फोटोत जशी रेघ होती तशी पेन्सिलीनं आखली, तिच्यावर छिन्नी ठेवली आणि हातोडी मारली. आवाज झाला तो साध्या जिप्समचा. छतं करताना रोज होतो तसाच. क्रूसाचा हात मनगटापासून सुटून त्याच्या तळहातात आला, कारण तो खाली पडू नये म्हणून त्यानं डावा हात आधीच खाली धरला होता.

सोमवारी पट्टी लागली. पर्णिकानं वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढले आणि "प्राउड ऑफ यू, बाबा" एवढंच म्हणाली. सुलक्षणानं पट्टीवरून पदर फिरवला. धूळ नव्हती, तरी.

तुटलेला हात मात्र तेव्हा घरी होता, रोल्लाच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, पाण्याच्या बादलीत. दर वर्षी त्यांचा शाडूचा गणपती त्याच बादलीत विसर्जित व्हायचा. दुसऱ्या दिवशी पाकळ्या तशाच. तिसऱ्या दिवशीही.

"अहो, मला बादली लागते. कधी विरघळणार हे?"

"नाही विरघळायचं," अंबादास म्हणाला. "शाडू थोडीच आहे? त्याचा खरा तुकडा अजून त्या बेटावर वाळूत असेल. इतकी शतकं झाली, नाही विरघळला."

"मग करू काय?"

त्यानं विचार केला. "तुळशीत ठेव."

सुलक्षणानं तुकडा पदरानं पुसला आणि तुळशीच्या बुंध्याशी, कुंडीच्या कडेला टेकवून उभा केला. पाकळ्या वर. मग कमरेवर हात ठेवून थबकली.

"ह्याला हात जोडायचे का हो मी?"

अंबादासला पाटी हलवल्याचा तो जोर अजून मनगटात जाणवत होता.

"नको," तो म्हणाला. "पाणी घाल नुसतं."