फुलाबाईची तव्यापुढची जागा

फुलाबाईच्या भाकरीची कड कधी फाटत नसे. शुभदाताईंच्या कडक भाकरीच्या धंद्यात तव्यापुढे चार बायका बसत, त्यांत दाराजवळची, वाऱ्याची जागा फुलाबाईची. हाताला चटके सोसून तिनं ती मिळवली होती. आणि ती गेली कशानं, तर डोक्यातल्या कोंड्यानं.

एका गिऱ्हाइकानं तिच्या काळ्या पोलक्याकडे नुसतं बोट दाखवलं. खांद्यावर पांढरी पूड होती. दिवसभर पिठात बसणाऱ्या बाईच्या अंगावर पीठच असेल, असं कुणाच्या मनात आलं नाही. कोंडा होता हे खरंच. पण त्याची रीतसर चौकशी कुणी केली? दुसऱ्या दिवसापासून फुलाबाई मागच्या मोरीवर भांडी घासू लागली. डोकं साफ झाल्यावर बघू, असं तिला सांगण्यात आलं. कोंडा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तरी तिचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवला गेला.

ती सरकारी दवाखान्यात गेली. रांग दारापर्यंत होती. कीर्ती नावाच्या तरुण डॉक्टरनं डोकं पाहिलं, कागदावर मलम लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन नळीचं झाकण उघडलं तसा फुलाबाईच्या नाकात ओळखीचा वास शिरला. गंधक! तिचे वडील बिरप्पा मंद्रूपकडे मेंढरं राखत. मेंढराला खरूज झाली की करंजीच्या तेलात गंधक कालवून चोळत आणि ते झडून जाईपर्यंत जनावराला पाणी लागू देत नसत. औषध घरचंच निघालं म्हणून ती निर्धास्त झाली. वडिलांच्या हातानं जसं पाहिलं होतं तसंच तिनं केलं. मलम जाड थापलं, वरून तेल जिरवलं, डोक्याला फडकं आवळलं आणि आठवडाभर पाणी लावलं नाही.

डोक्याची आग आग झाली. कातडी लाल होऊन सोलवटली. तशातच शुभदाताई मोरीशी आल्या, नाकाला पदर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “कारखान्यात मेंढरं कुणी आणली गं?”

तव्यापुढच्या बायका हसल्या. फुलाबाईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि तडक दवाखाना गाठला.

मलम कसं लावलं, हे डॉक्टरनं या वेळी विचारलं. ऐकून तिनं कपाळाला हात लावला. आंघोळीआधी थोडा वेळ लावून धुऊन टाकायचं असतं, तेही आठवड्यातून दोनदाच, आणि तेलानं तर कोंडा वाढतो, असं तिनं समजावलं. वर म्हणाली, “सगळं कागदावर लिहिलं होतं की, मावशी.”

“कागदावर लिव्हलंत. पर डोकं माझं जळालं. तोंडानं दोन शब्द सांगाय काय झालं हुतं?”

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं आणि आधी आग शमेपर्यंत मलम बंद ठेवायला लावलं. फुलाबाईनं तसंच केलं. बिनतेलाचं डोकं पाहून शेजारणी ‘घरात कोण गेलं का’ म्हणून विचारून गेल्या, तरी तिनं तेलाच्या बाटलीला हात लावला नाही. आग थांबल्यावर तिनं मलम नीट बेतानं लावलं. हळूहळू खांदे स्वच्छ राहू लागले.

लग्नसराई तोंडावर आली, भाकऱ्यांची मागणी वाढली आणि शुभदाताईंना फुलाबाईचे हात आठवले. ये तव्यावर, पण डोक्याला फडकं बांधून बस, असं त्यांनी फर्मावलं.

“बांधते की,” फुलाबाई म्हणाली. “पर केस काय माझ्या एकटीच्याच डोक्याला हाईत? समद्यांनी बांधायचं. तुमी बी.”

आपण तर पिठाला हातही लावत नाही, असं शुभदाताई म्हणाल्या. फुलाबाई जागची हलली नाही. तवा तापून धूर निघू लागला, दारात रिक्षावाला भाकऱ्यांसाठी खोळंबला. अखेर शुभदाताईंनी जुनं पातळ फाडून फडकी वाटली आणि स्वतःच्या अंबाड्यावरही एक बांधलं.

फुलाबाई दाराजवळच्या जागी बसली. पिठाचा गोळा हातात घेऊन तिनं विचारलं, “आन ते मेंढरांचं बोललात, त्याचं काय?”

“अगं, तेव्हा रागात होते मी.”

“मी बी रागातच हाय,” फुलाबाई म्हणाली आणि भाकरी थापायला लागली. त्या दिवशी थापण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जात होता. भाकरीची कड मात्र एकदाही फाटली नाही.