कव्हरवर नसलेला माणूस

कॅसेट कंपनीने त्या म्हाताऱ्याला फसवलं. ऐंशीच्या दशकात मी इथे अमेरिकेत, आयसेलिनमध्ये, रेडिओ-टेपचं नवं दुकान टाकलं होतं. एका दुपारी एक वृद्ध, काळा माणूस टू-इन-वन घ्यायला आला. मशीन वाजवून दाखवायला मी ब्लूज संगीताची एक कॅसेट लावली. तिच्यातली हार्मोनिकाची धून तेव्हा इथली पोरं शिटीवर वाजवत हिंडायची.

"हे मी वाजवलंय," तो म्हणाला.

भाव पाडायला गिऱ्हाईक काय काय सोंगं करतं, ते मला ठाऊक. मी भडकलो, "तुला डिस्काउंट मिळणार नाही!"

"अहो, ओरडताय काय? ऐका तरी," गल्ल्यावर बसलेली माझी बायको म्हणाली.

त्याने खिशातून हार्मोनिका काढली, तळव्यावर दोनदा आपटली आणि ओंजळीत धरली. बाकीचे फुंकतात, हा मात्र श्वास आत ओढून सूर वाकवत होता. कॅसेटमध्ये धून सुरू होण्याआधी एक बारीक हुंकार आहे. तोही तस्साच आला.

मी कव्हर उलटसुलट पाहिलं. त्यावर गिटारवाल्याचं नाव होतं, ड्रमवाल्याचं होतं, फोटो काढणाऱ्याचंही होतं.

"तुमचं नाव काय?"

"एकदा त्यांना दिलं होतं. त्यांनी हरवलं." तो हसला आणि घासाघीस न करता मशीन घेऊन गेला.

कॅसेटमधली हार्मोनिका कोणी वाजवली, एवढंच मी कंपनीला पत्राने विचारलं. उत्तर आलं नाही. कंपनीला माझं अजूनही तेच विचारणं आहे: त्याचा श्वास तुम्ही गावभर विकलात. आता तो कोणाचा, ते सांगा.