नथीसकट एक्स-रे

महिनाभर उजवा गाल ठणकत होता, तेव्हा हे मला देवासहून इंदूरला एक्स-रे काढायला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "बाई, नथ काढून ठेवा."

मी साफ सांगितलं, "लग्नापासून नाकातून उतरवली नाही. दुखणं उजवीकडे, नथ डावीकडे. तुमचं अडतं कुठं?"

ह्यांनी मान खाली घातली. डॉक्टर हसले आणि त्यांनी नथीसकटच फोटो काढला; त्या काळी तो काचेवर निघायचा. मग काच उजेडात धरून त्यांनी दाखवलं: गालाच्या हाडातली डावी पोकळी काळी, स्वच्छ; उजवीत पू साचून पांढरं धुकं.

पू काढला, ठणका गेला. काच मात्र मी मागून घरी आणली. माझ्या तरुणपणाचा तेवढाच एक फोटो आहे. चेहरा नाही, नुसती हाडं. पण नथ काय सुरेख आलीय!