तात्यामामांचं राखीव दुखणं

तात्यामामा कुणाचं अभिनंदन करत, तेव्हा त्या माणसाला दोन दिवस कुठं तोंड दाखवावंसं वाटत नसे. मी एमबीबीएस झालो आणि रोह्याहून पेढे घेऊन पेणजवळच्या जोह्याला त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात गेलो. मामा एका मूर्तीसमोर मांडी घालून डोळे आखत होते. वर न बघताच म्हणाले, "झालास का डाक्टर? बरं झालं. ह्या गणपतीची नाडी बघ नि सांग, कवा सुकंल?" कारखानाभर हशा पिकला. मी पेढ्यांचा पुडा ठेवला आणि मामीकडे चहाला पळालो.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. पाठीमागे ते साऱ्या पेणभर "आमचा भाचा हार्टचा मोठा डाक्टर व्हनार" असं सांगत, रामवाडीत हायवेलगतचा एक गाळाही त्यांनी माझ्या दवाखान्यासाठी हेरून ठेवला होता. तोंडावर मात्र दर गणपतीला एकच प्रश्न: "झालास का पुरा?" आणि दर गणपतीला माझं उत्तर तयार. आधी सरकारी बाँडचं वर्ष. मग प्रवेश परीक्षेसाठी खोलीत कोंडून घेतलेली दोन वर्षं. मग एम.डी.ची तीन. मग पुन्हा परीक्षा आणि हृदयरोगातल्या डी.एम.ची तीन. तोवर माझे केस मागे सरकले होते आणि त्या गाळ्यात कुणीतरी मोबाइलचं दुकान थाटलं होतं.

डी.एम. झाल्यावर मी सांगितलं, की आता दोन वर्षांची फेलोशिप, हृदयाच्या ठोक्यांची वीज ज्या वाटांनी जाते, फक्त त्या वाटांची. मामांनी कुंचला खाली ठेवला. हे ते क्वचित करत.

"म्हंजे आधी शिकलास आख्खा मानूस, मग नुस्तं काळीज, आन आता त्याच्यातली वायरिंग? आरं, आमच्यात मानूस शिकत जातो तशी मूर्ती मोठी व्हत जाते. तू शिकतोस तसा तुकडा बारीक करत चाललास. फुडच्या साली काय, नुस्ती डावी बाजू?"

मी रागावलो. खरं तर शिकण्याचा वेळ मामांइतका कुणाला कळत नसेल. त्यांनी स्वतः सहा वर्षं नुसतं मूर्ती घासून गुळगुळीत करायचं काम केलं होतं, मग अंगरंग, मग दागिने, आणि डोळ्यांना हात लावायची परवानगी वडिलांनी कामाला लागल्याच्या बाराव्या वर्षी दिली होती. पुढे गिऱ्हाइकं अडून बसत, की डोळे तात्यांच्याच हातचे पाहिजेत. अशा मूर्तीच्या पाटाखाली खडूची फुली मारून ती फळीवर बाजूला ठेवत. मामांना सवड होईपर्यंत ती तशीच बिनडोळ्यांची बसून राही. घाई कितीही असो, फुलीच्या मूर्तीला दुसऱ्याचा हात लागत नसे.

फेलोशिपनंतर संशोधन आलं. आमच्यात लेख छापून आल्याशिवाय पुढची जागा मिळत नाही, म्हणून मी विषय घेतला: छातीत दुखणारी गावाकडची माणसं दवाखान्यात उशिरा का येतात. मामांना तो फार आवडला.

"मंग, सापडलं का कारन?"

"नाही, अजून फॉर्म भरून घेतोय."

"भर, भर. तोवर ती थांबतीलच."

त्या दिवशी मी त्यांच्याच घरी होतो; ते जिना चढून आले आणि पायरीवर बसले. छातीवर तळहात फिरवत म्हणाले, "जरा दमाया व्हतं रं." मी फोनवर संशोधनाच्या गाइडचा निरोप वाचत होतो. "पेणला कुणाकडे तरी ईसीजी काढून घ्या," म्हणालो. ते म्हणाले, "तुजं पुरं होऊ दे." मला वाटलं, नेहमीचा टोमणा. मी हसलो. ईसीजी म्हणजे दहा मिनिटांचं काम होतं, आणि मी हसलो. हे मला आजही सहन होत नाही.

श्रावणात मूर्तीसमोर बसल्या जागी ते कलंडले. मूर्ती न्यायला आलेल्या टेम्पोतून त्यांना पेणला नेलं, पण उपयोग झाला नाही. आई रोह्याहून निघाली होती. वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तिला फोन गेला.

मामी माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "दोन वरसं दुखत व्हतं. मी किती येळा म्हटलं, पेणला चला. तर म्हनायचे, 'गो, ह्याच्यावर भाच्याची फुली हाय. दुसऱ्याचा हात नाय लागायचा.'"

फळीवर फुलीच्या सात मूर्ती होत्या. त्यांचे डोळे कुणी आखायचे यावर माणसं हळू आवाजात बोलत होती.

माझ्या फॉर्मात उशिराच्या कारणांचे रकाने होते: अंतर, वाहन, पैसा, अज्ञान. शेवटी 'इतर', आणि पुढे एक कोरी ओळ. शेकडो फॉर्म भरले, ती ओळ बहुतेक कोरीच राहिली होती. तेरावं करून परतल्यावर मी एक नवा फॉर्म काढला. मामांचं नाव, वय, गाव लिहिलं. कारणाच्या जागी 'इतर'वर खूण केली आणि पुढच्या ओळीत माझं नाव घातलं.