सुरमीचा डबा

सोनगीरच्या कादरला लोक उस्ताद म्हणत आणि तो ते गुमान म्हणवून घेई. धुळ्यात टांगा हाकण्यात त्याची अर्धी उमर गेली. रिक्षा आल्या, टांगा बसला, तेव्हा त्याने सारंगखेड्याच्या यात्रेतून एक पांढरी घोडी आणली आणि नवरदेव मिरवायचा धंदा धरला. घोडीच्या डोळ्यांभोवती काळी कड होती, म्हणून नाव सुरमी. घोड्याचं तोंड काय बघता, कान बघा, असं तो भेटेल त्याला सांगे. पुढे रोखले तर तिला काही हवं आहे, मागे चिकटले तर लांब राहा.

खरं सांगायचं तर सुरमीला वरातीसाठी तयार केलं ते त्याच्या बायकोने, अमिनाबीने. बँडला बुजणारी घोडी वरातीत काय कामाची? अमिनाबीने तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेतला. रोज असरच्या, म्हणजे दिवस कलल्यावरच्या, अजाननंतर कादर घोडीपुढे चंदी ठेवी, भिजवलेले हरभरे, आणि ही लांब निंबाखाली उभी राहून पळीने डबा बडवी. घोडीने मान वर केली की ती बडवायची थांबे. घोडी खायला लागली की पुन्हा सुरू. अंगणात निंबापासून घोडीपर्यंत रोज एक पाऊल, जास्त नाही. कादरला घाई, तो म्हणे ये सरळ जवळ. "तुम्हारी बरात है क्या?" असं म्हणून ती जागची हलत नसे. महिन्याभराने डबा कानाशी वाजला तरी सुरमी चंदी चावत राहिली. गरज संपली, पण नेम राहिला. रोज संध्याकाळी निंबाखाली डबा वाजे, मगच सुरमी चंदीला तोंड लावी. उस्तादी मात्र कादरच्या पदरात पडली.

एकोणनव्वदच्या जानेवारीत काविळीने अमिनाबी आठ दिवसांत गेली. मय्यतीच्या गुसलचं, शेवटच्या आंघोळीचं, पाणी तापवायला भांडी पुरेनात, तेव्हा बायांपैकी कुणीतरी तोच डबा चुलीवर चढवला. कादरने ते पाहिलं. नंतर डबा भिंतीशी पालथा पडला, तो तसाच राहिला. त्याच्याकडे बघायला लागू नये म्हणून कादर दुसऱ्या बाजूने अंगणात जाऊ लागला.

तो रडला नाही. लोक म्हणाले, मोकळा हो बाबा, पण मोकळं करायला आत काही सापडेना. बिनसाखरेचा चहा पिऊन टाकी आणि ते त्याच्या लक्षातही येत नसे. घरात आवाज नको म्हणून त्याने रेडिओ बंद केला, तर शेजारच्या कुंदाबाईनेही आपला रेडिओ बारीक केला. चंदी तो मुकाट्याने ठेवी आणि पाठ फिरवी. गेलेल्या माणसाचा मान राखायचा तर एवढं पाहिजेच, असं त्याला वाटे.

एप्रिलात नरडाण्याचं लग्न आलं. गिरधरच्या बँडने पहिली थाप मारली आणि सुरमी दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव फेट्यासकट खाली आला. लागलं काही नाही, पण वरात पायीच गेली. गिरधर जुना दोस्त, त्याने ढोल खाली ठेवला आणि कादरला बाजूला घेतलं.

"भाऊ, तिन्हा भरोसा ऱ्हायना नही. इकी टाका. दलाल रुपचंदले मी बलाई लेस, गुरुवारले."

"बरं," कादर म्हणाला. विकायला निघालेली ही घोडी अमिनाबीच्या हातची राहिलेली शेवटची जिती गोष्ट होती, हे त्याला कळत होतं. कळून काही होत नव्हतं, एवढंच.

रविवारी असरची अजान झाली. घोडी जायची म्हणून असेल, चंदी ठेवून तो त्या दिवशी पाठ न फिरवता उभा राहिला. सुरमीने चंदीला तोंड लावलं नाही. तिचे दोन्ही कान पुढे रोखलेले, निंबाकडे. बराच वेळ ती तशीच. मग कान पडले आणि तिने कसंबसं खायला सुरुवात केली. रोजच हे चाललं असणार, तीन महिने. आणि जगाला कान वाचायला शिकवणारा हा उस्ताद पाठ फिरवून जात होता. त्याला स्वतःची लाज वाटली. किती दिवसांनी त्याला काहीतरी वाटलं होतं.

सोमवारी अजान झाल्यावर तो भिंतीशी गेला. डब्याचं बूड अजून चुलीच्या काजळीने काळं होतं. हात मागे आला. पुन्हा पुढे केला. डबा आणि पळी घेऊन तो निंबाखाली उभा राहिला आणि बडवू लागला.

कुंदाबाई दारात आली. "हाई काय लायं, भाऊ? घरमा दुख शे ना?"

कादर बडवत राहिला. सुरमीने मान वर केली, म्हणून तो थांबला. ती मोकळीच होती. चालत त्याच्यापर्यंत आली, त्याचा काळा झालेला हात हुंगला, आणि मान उंचावून त्याच्या खांद्यावरून मागे बघू लागली. मागे घराचं दार होतं. कान पुढे.

"अमिना नहीं आएगी," कादर म्हणाला. तोंडातून हे पहिल्यांदाच बाहेर पडलं. आतापर्यंत लोक म्हणत होते, तो ऐकत होता. घोडीच्या मानेला धरून तो रडला, आणि तिची पांढरी मान काजळीने माखली. कुंदाबाई आत गेली.

गुरुवारी रुपचंद आला. घोडी फिरवून बघितली, दात बघितले.

"आजून घाबरस का हाई?"

"हाई नही," कादर म्हणाला. "घाबरेल मी व्हतू. घोडी इकनी नही, रुपचंदभाऊ. चहा ली जा."

तेवढ्यात अजान झाली. कादरने सुरमीपुढे चंदी ठेवली आणि डबा उचलून निंबाकडे गेला. काल जिथे उभा होता तिथून एक पाऊल पुढे सरकला आणि पळी हाणली.